शुक्रवार रिकामा ठेवलाय

मार्च लागल्यापासून मी घरी टिकलेच नाहीये. 1 तारखेला ऑफिसच्या ग्रुपबरोबर पणजीला कार्निव्हलची मिरवणूक, किंग मोमोची, म्हणजे कार्निव्हलच्या राजाची, गाडी येईपर्यंत उभं राहून पाय दुखले पण मजा आली, मग डिचोलीला मावसबहिणीच्या बाळाचं बारसं, एक साखरपुडा, 14 ला धुळवड, आणि त्यानंतर शिगमो, म्हणजे आमचा गोव्यातला शिमगा, सुरू झाला तो अजून चालूच आहे. ढोल-ताशाचा आवाज कानावर आला की मला घरात बसवत नाही, लहानपणापासून असंच आहे. माणसं आवडतात मला, हे सगळं आवडतं, त्यात खोटं काही नाही.

पण काल वेगळंच झालं.

काल शुक्रवार, म्हणजे म्हापशाचा बाजार. परत येताना शेजारच्या आंटीच्या गेटपाशी स्कूटर थांबवली, कारण तिच्या आंब्याचा मोहोर गळून बारीक कैऱ्या धरल्यात ते खालूनच दिसत होतं. आंटी बाहेर आली आणि म्हणाली, "बाय, तूं खंय आसता गो? दिसनाच." एवढंच. मग बोलता बोलता कळलं की मागच्या आठवड्यात ती तीन दिवस तापाने झोपून होती. मुलगा लंडनला, घरात दुसरं कोणी नाही. आणि मी त्या तीन दिवसांत रोज दोनदा त्याच गेटसमोरून गेले होते, हॉर्न वाजवून, कारण मला कुठेतरी पोचायचं होतं. खूप लागलं मनाला ते.

आंटीचं सध्या कोरेज्म, म्हणजे ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती उपासाचा काळ, चालू आहे. 5 मार्चला त्याचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, झाला, कपाळावर राखेचा क्रूस लावून ती चर्चमधून येताना मी पाहिलं होतं. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून करतात, हे मला तिनेच कधीतरी सांगितलेलं. तिथून 20 एप्रिलच्या ईस्टरपर्यंत मोजले तर 46 दिवस होतात, पण मधले 6 रविवार उपासात धरत नाहीत म्हणून 40. आपल्याला एका दिवसाच्या उपासाची सवय, महाशिवरात्र झाली की दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत, त्यामुळे 40 दिवस मन एकाच गोष्टीकडे लावून बसणं म्हणजे काय हे मला नीट कळत नव्हतं. मला वाटायचं मटण-चिकन सोडायचं, दारू सोडायची, झालं. आणि तेही सोपं नाही हं, कारण नेमकं याच दिवसांत काजूचे बोंडू पिकतात, भाटात, म्हणजे बागेत, गेलं की तो गोड आंबूस वास नाकात भरतो आणि घरोघरी हुर्राकच्या, म्हणजे बोंडूच्या रसाच्या दारूच्या, बाटल्या येतात.

पण आंटी म्हणाली की सोडणं हा अर्धाच भाग, त्यातून जो वेळ आणि पैसा उरतो तो कोणाला तरी द्यायचा. दर शुक्रवारी ती दुपारी पेज आणि मिस्कूट, म्हणजे कैरीचं लोणचं, खाते, संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची 14 स्थानं, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या एकेका प्रसंगाची प्रार्थना, करते, आणि त्याच्या आधी वरच्या वाड्यावर एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे तिच्याकडे तासभर बसून येते. काही खास करत नाही तिथे, केस विंचरते, गावात कोण आलं कोण गेलं ते सांगते. तापातून उठल्यावर पहिली गेली ती तिथेच.

मी मनात मोजलं, या महिन्यात मी किमान दोनशे माणसांना भेटले असेन, सगळ्यांबरोबर फोटो आहेत, आणि एकाहीजवळ मी तासभर बसले नाही. बारशाला बाळ हातात घेतलं, फोटो काढला, पुढच्या माणसाला दिलं. मावसबहीण दमलेली दिसत होती, तिला विचारायचं राहूनच गेलं.

आज सकाळी अंगणात कोकीळ ओरडत होता, पांगारा लाल झालाय, आणि मी चहा घेऊन मावसबहिणीला फोन लावला, चाळीस मिनिटं बोललो. रात्री झोप नाही म्हणाली, आणि रडली पण.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी एका ओळखीच्यांच्या घरी पार्टी होती, त्यांना जमणार नाही म्हणून कळवलंय. आंटीला विचारलं, मी येऊ का तुझ्याबरोबर वरच्या वाड्यावर? ती म्हणाली चारला ये, आणि येताना दोन शहाळी घेऊन ये, म्हातारीला आवडतात.