गोल शून्य, असिस्ट शून्य: भाच्याचा अकादमीचा अर्ज

माझा भाचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर आहे. दोन स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, पुढे राहून समोरच्यांचा हल्ला उभा राहायच्या आत मोडायचा आणि बॉल मिळाला की जवळच्या मोकळ्या पोराला साधा पास द्यायचा, हे त्याचं काम. गेल्या हंगामात त्याच्या नावावर गोल नाही, असिस्टही (दुसऱ्याच्या गोलासाठी दिलेला शेवटचा पास) नाही. याच दोन शून्यांवर एका निवासी फुटबॉल अकादमीचा त्याचा अर्ज अडला. त्याचा राग अजून गेलेला नाही. ज्यांच्या घरात असा पोरगा किंवा पोरगी आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

जन्मदाखला, बोनाफाईड, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, सगळं वेळेत मिळालं. पुढे ऑनलाइन अर्जात ‘मागील हंगामातील कामगिरी’ असा भाग होता. सामने, गोल, असिस्ट असे तीन रकाने, तिन्ही सक्तीचे. गोल आणि असिस्ट दोन्हीकडे शून्य भरलं की लाल अक्षरांत सूचना यायची आणि पुढचं पान उघडायचंच नाही. खेळण्याची जागा त्याच्या वरच्याच रकान्यात विचारली होती. तिथे गोलकीपर निवडून बघितलं, तरीही तेच. म्हणजे ज्यानं हंगामभर गोल वाचवले त्या पोरानंही आधी गोल मारून यायचं!

कार्यालयात फोन लावला. पलीकडचे म्हणाले, “सिस्टिम तशीच आहे, एक गोल टाका ना, कोण तपासतंय?” त्याच अर्जाच्या तळाशी ‘वरील माहिती खरी आहे’ असं लिहून पालकांची सही मागितली होती. मी नाही म्हणालो. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा त्याला फॉरवर्ड, म्हणजे पुढे खेळून गोल मारणारा, म्हणून भरा, असा सल्ला मिळाला. भाचा शेजारीच बसला होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, “मामा, मग मी टीममध्ये काहीच करत नाही काय?” पंधरा वर्षांच्या पोराला हा प्रश्न पडावा, याची मला सगळ्यात जास्त चीड आली.

आम्ही कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या इथल्या दोन संघांचा सामना असला की गॅलरीत बसायला जागा मिळत नाही. त्या गॅलरीतल्या जुन्या माणसांना कोण नुसता पळतोय आणि कोण टीम चालवतोय हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. ती नजर कागदावर कशी उतरवायची, एवढाच प्रश्न होता.

मेलला उत्तर येईना आणि अर्जाची मुदत जवळ येत चाललेली. शेवटी कार्यालय सोडून थेट तिथल्या मुख्य प्रशिक्षकांना लिहिलं. त्यात भाच्याच्याच जागेवर खेळणाऱ्या फ्रान्सच्या एन्गोलो कांतेचं उदाहरण दिलं. २०१५-१६ मध्ये तो इंग्लंडच्या लेस्टर क्लबमध्ये होता, लेस्टरनं तिथली सर्वोच्च स्पर्धा, प्रीमियर लीग, जिंकली. पुढच्या हंगामात तो चेल्सी या दुसऱ्या क्लबमध्ये गेला. चेल्सी दहाव्या क्रमांकावरून पहिली आली आणि लेस्टर पहिल्यावरून बाराव्यावर घसरलं. दोन्ही हंगामांत लीगमध्ये त्याचा गोल एकेकच. तरी २०१७ मध्ये तिथल्या खेळाडूंच्या संघटनेनं वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. चेल्सीला त्याच हंगामात अँटोनियो कोंतेंसारखा नवा प्रशिक्षक मिळाला होता, सगळं श्रेय एकट्या कांतेचं नाही, हेही मी लिहिलं. समोरचा माणूस फुटबॉल जाणणारा आहे, त्याच्यापुढे अर्धीच गोष्ट सांगू नये.

प्रशिक्षकांचं उत्तर आलं. कागदी अर्ज पाठवा, सोबत एका पूर्ण सामन्याचा व्हिडिओ आणि खेळाबद्दल एक पान जोडा. ते वाचून मला इतकं हायसं वाटलं की मी रात्रीच लिहायला बसलो.

त्या पानासाठी मी सामने वेगळ्या पद्धतीनं बघितले होते. बॉलवरची नजर काढायची आणि फक्त आपल्या पोराकडे बघायचं. सुरुवातीला फार जड जातं, कारण ओरडा दुसरीकडे चाललेला असतो. बॉल येण्याआधी तो मान वळवून मागं बघतो का? समोरचा मिडफिल्डर त्याला बघून पास मागं फिरवतो का? आपला बॉल गेल्यावर पहिल्या पाच सेकंदांत तो कुठं असतो? तो जागेवर आहे म्हणून आपला साइड बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, बिनधास्त वर जातो का? यातलं काहीच स्कोअरशीटवर येत नाही. टॅकलचा, म्हणजे समोरच्याच्या पायातून बॉल काढण्याचा, आकडाही जपून वापरा. जो आधीच योग्य जागी उभा असतो त्याला टॅकल करायची वेळ कमी येते, म्हणून आकडा कमी दिसतो.

तो मैदानात असताना आणि बाहेर बसल्यावर किती गोल खाल्ले, हेही लिहून ठेवा. पण त्यावर फार भार टाकू नका. समोरचा संघ कोणता होता, आपला स्टॉपर जखमी होता का, यानं तो हिशेब सहज उलटतो. मोजक्या सामन्यांतून मोठा निष्कर्ष काढला की जाणकार माणसाचा बाकीच्या पानावरचाही विश्वास उडतो.

व्हिडिओ कापून, गाणं लावून पाठवू नका. अशा खेळाडूची बाजू मांडायची तर न तोडलेला सामनाच लागतो, आणि तोही उंचावरून घेतलेला. मोबाइल बॉलमागे फिरवत राहिलात तर तुमचा पोरगा बहुतेक वेळ चौकटीबाहेरच राहील.

चाचणीच्या दिवशी लहान मैदानावर संघ सारखे बदलत होते. अनोळखी पोरांत उभा राहून भाचा त्यांना जागा सांगत होता, “डावीकडं ये, मी आहे मागं.” प्रशिक्षकांनी ते वहीत टिपून घेतलेलं मी पाहिलं. घरी सांगितलं तर ताईला रडू आलं. निवड झाली. मला त्याचा फार अभिमान वाटतो, आणि त्या अर्जात आम्ही एकही खोटा आकडा भरला नाही याचाही.

एक सांगायचं राहिलं. व्हिडिओसोबत जर्सीचा रंग, नंबर आणि पहिल्या हाफमध्ये आपला संघ कोणत्या बाजूला खेळतोय हे लिहून द्या. हाफटाइमला बाजू बदलतात आणि उंचावरून घेतलेल्या चित्रात नंबर वाचता येत नाही. शक्य असेल तर त्याला वेगळ्या रंगाचे मोजे घालायला सांगा, मात्र आधी पंचांना विचारून.