तुम्ही विचारलंत म्हणून : दुसऱ्याचं लिहिता लिहिता स्वतःचं लिखाण मरत नाही का?

मी मालिकांचे संवाद लिहिते. त्यामुळे कार्यशाळा असो की लग्नाची पंगत, एक प्रश्न ठरलेला असतो: "रोज दुसऱ्याने आखून दिलेलं लिहायचं, चॅनेलने सांगितलं की फिरवायचं. मग तुमचं स्वतःचं लिखाण मरत नाही का हो?" विचारणाऱ्याला उत्तर 'मरतं' असंच हवं असतं, कारण पुढची हळहळ त्याच्याकडे तयारच असते. मी त्याला ली ब्रॅकेटबाईंची गोष्ट सांगते. नाव कुणालाच माहीत नसतं. मग सांगावं लागतं की 'स्टार वॉर्स' मालिकेतला 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' पाहिला असेल तर त्यांचं नावही डोळ्यांखालून गेलंय. पटकथेच्या श्रेयात पहिलं तेच आहे.

बाईंचा जन्म 1915 चा, लॉस एंजेलिसमधला. 1940 मध्ये पहिली कथा छापून आली, ती मंगळावरची. त्या काळी अमेरिकेत स्वस्त, खरबरीत कागदावर छापलेली साहसकथांची मासिकं निघत आणि तिथे शब्दागणिक पैसे मिळत. मंगळ, शुक्र, तलवारी, उजाड झालेली नगरं असा सगळा मामला. शिष्ट मंडळी नाकं मुरडायची. बाई लिहीत राहिल्या आणि 1944 मध्ये त्यांनी एक खासगी गुप्तहेराची कादंबरी काढली. ती दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांच्या वाचनात आली. रहस्यकथा लिहिणाऱ्या रेमंड चँडलरच्या 'द बिग स्लीप' या कादंबरीवर सिनेमा करायचं त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी सेक्रेटरीला सांगितलं, त्या ब्रॅकेट नावाच्या माणसाला बोलावून घे. ली हे नाव पुरुषाचंही असतं, आणि त्या कादंबरीतली मारामारी वाचून कुणालाही पुरुषच वाटला असता. आली ती 28 वर्षांची बाई. हॉक्स यांनी तरीही काम दिलं, हे त्यांच्या खात्यावर जमा.

जोडीला कोण, तर विल्यम फॉकनर! पुढे ज्यांना नोबेल मिळालं तेच. पहिल्या दिवशी बाई धास्तावून स्टुडिओत गेल्या. फॉकनरनी पुस्तक समोर ठेवलं, एक भाग मी करतो, पुढचा तुम्ही करा, अशी वाटणी करून दिली आणि ते आपल्या खोलीत गेले. झाली मीटिंग. त्यांनी काय लिहिलं ते बाईंनी पाहिलं नाही, बाईंचं त्यांनी पाहिलं नाही. दोघांची पानं थेट हॉक्सकडे. (आमच्याकडे एका वनलाइनवर आठ जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. असो.) पुढे पटकथाकार ज्यूल्स फर्थमन यांनीही त्या पटकथेवर हात फिरवला.

सेटवर सिनेमाचे नायक हम्फ्री बोगार्ट यांना काही वाक्यं फारच सोवळी वाटली. त्यांनी गृहीत धरलं की ही त्या बाईची असणार. विचारल्यावर कळलं, ती फॉकनरची. बोगार्टच्या तोंडात शोभणारी रांगडी वाक्यं बाईंची निघाली. त्यानंतर एखादं वाक्य जरा कडक करून हवं असलं की बोगार्ट बाईंकडेच यायचे. संवाद लिहिणाऱ्याला याहून मोठी पावती कुठली मिळणार? समीक्षकाने केलेलं कौतुक वाचायला बरं असतं, पण नट ज्याच्याकडे पान घेऊन येतो तो खरा लेखक, असं माझं मत आहे.

पण माझं उत्तर यात नाही, ते आहे घरच्या टेबलावर. हॉक्सचं बोलावणं आलं तेव्हा बाईंची एक दीर्घकथा अर्ध्यावर होती. स्टुडिओचं काम घेतलं तर ती पूर्ण होणं शक्य नव्हतं. त्यांनी ती आपल्या तरुण मित्राच्या हवाली केली. मित्र म्हणजे पुढे विज्ञानकथांसाठी गाजलेला रे ब्रॅडबरी, तेव्हा विशीतला पोरगा. पुढचा भाग त्याने लिहिला आणि 1946 मध्ये कथा दोघांच्या नावाने छापून आली. ना रडारड, ना 'माझ्या कलाकृतीचा बळी गेला' वगैरे भाषणं. 'द बिग स्लीप'ही त्याच वर्षी पडद्यावर आला. वर्षअखेरीस बाईंनी एडमंड हॅमिल्टन या विज्ञानकथा लिहिणाऱ्या गृहस्थांशी लग्न केलं, आणि पुढे ओहायोतल्या एका जुन्या शेतघरात संसार मांडला. मधली कितीतरी वर्षं सिनेमा जवळजवळ बाजूला राहिला. 1955 मध्ये त्यांची एक गंभीर कादंबरी आली: अणुयुद्धानंतरची अमेरिका, आणि हजारावर वस्तीचं गाव वसवायला तिथे घटनेनेच बंदी. तिला विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराचं नामांकन मिळालं.

नंतर पुन्हा हॉक्स. 'रिओ ब्राव्हो' 1959 मध्ये, 'हटारी!' 1962 मध्ये. आणि मग 'एल दोरादो'. त्यासाठी बाईंनी जी मूळ पटकथा लिहिली, ती आपली सर्वांत चांगली असं त्यांचं म्हणणं होतं. तिच्यात नायक शेवटी मरतो. हॉक्सना ते पचेना. काटछाट होत होत तिचा पुन्हा 'रिओ ब्राव्हो'च होऊ लागला. तेच तेच परत कशाला, म्हणून बाई भांडल्या. हॉक्स आणि नायकाचं काम करणारे जॉन वेन यांचं म्हणणं, एकदा चाललं ते पुन्हा चालेल. आमच्या धंद्यात हे वाक्य बहुतेक सगळ्या भाषांत आहे. शेवटी लिहिलं त्यांनी हॉक्सना हवं तसंच, आणि त्या सिनेमाची मनसोक्त थट्टाही केली. चांगली पटकथा गेली याचं वाईट वाटलंच असणार. पण मंगळ त्यांच्याकडे होता, तिथे हॉक्सचं काही चालत नव्हतं.

'द लाँग गुडबाय' (1973) ची पटकथाही त्यांचीच. तिथे चँडलरच्या कादंबरीचा शेवट बदलून गुप्तहेर नायक मार्लोला त्यांनी मित्रावर गोळी झाडायला लावली, आणि दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमननी तो शेवट हट्टाने राखला.

राहिला 'एम्पायर'. 'स्टार वॉर्स'चे कर्ते जॉर्ज लुकस यांची रूपरेषा हाती घेऊन बाईंनी फेब्रुवारी 1978 मध्ये पहिला ड्राफ्ट दिला आणि 18 मार्चला कर्करोगाने त्या गेल्या. पुढचा ड्राफ्ट लुकसनी स्वतः लिहिला, मग पटकथाकार लॉरेन्स कॅस्डन आले. सिनेमात खलनायक डार्थ व्हेडर हा नायक ल्यूकचा बाप निघतो, बाईंच्या ड्राफ्टमध्ये तसं नाही. खरा बाप भूत होऊन मुलाला भेटतो. यावरून लोक म्हणतात, बाईंचं त्यात उरलंय काय, नाव नुसतं आदरापोटी ठेवलं. असेल, संवाद बरेचसे नंतरच्यांचेच आहेत. पण पहिला ड्राफ्ट म्हणजे काय ते लिहिणाऱ्यालाच कळतं. दुसऱ्याला खोडायला तरी काही लागतं ना!

एवढं ऐकून घेतल्यावर हुशार माणूस विचारतोच, "ते ठीक, पण तुमचं स्वतःचं काय?" माझं एपिसोड पाठवून झाल्यावर, रात्री. कथा लिहिते. एखादी दिवाळी अंकात येते, एखादी साभार परत येते. त्यात कुणी मला खलनायिकेला अजून दोन आठवडे जिवंत ठेवा म्हणत नाही. मानधनाचं मात्र विचारू नका. घराचा हप्ता खलनायिकाच भरते.