तुम्ही विचारलंत म्हणून : एवढे टक्के पुरतील का?

‘मॅडम, शिष्यवृत्ती घेऊन परदेशी जाणाऱ्या मुलांमध्ये असं वेगळं काय असतं हो? आमच्या मुलीला ब्याण्णव टक्के आहेत. पुरतील ना?’

हा प्रश्न मला इतक्या आईवडिलांनी विचारलाय, आणि दर वेळी मी घाईघाईत इतकं त्रोटक उत्तर दिलंय, की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. मी महाविद्यालयात शिकवते. त्याच्या जोडीला मुलांचे अर्ज तपासणं, शिफारसपत्रं लिहिणं, मुलाखतीची तयारी करून घेणं हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मध्यंतरी काही काळ एका निवड समितीवरही होते. त्यामुळे अर्ज लिहिणाऱ्यांची धडपड पाहिली आहे आणि वाचणाऱ्यांचा कंटाळाही.

टक्के पुरतील. म्हणजे पहिल्या चाळणीत टिकण्यापुरते पुरतील. पुढे त्यांचं काम संपलं, कारण पुढच्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाकडे तेवढे टक्के असतातच.

घराघरांत शिष्यवृत्तीकडे बक्षीस म्हणून बघतात. पोरीने इतकी वर्षं अभ्यास केला, त्याचं चीज झालं, वगैरे. देणाऱ्याच्या लेखी मात्र ती उचल असते. कामाला लागायच्या आधीच मुकादम हातावर पैसे ठेवतो, तशी. काय करून झालंय हे तो बघतो, पण ते एवढ्याचसाठी की पुढे काय होईल याचा अंदाज यावा. आणि पुढे काय हवंय हे तो लपवतही नाही. अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती १९४६ साली सुरू झाली ती महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेलं अमेरिकेचं सामान विकून आलेल्या पैशांतून, आणि देशोदेशीच्या लोकांनी एकमेकांना ओळखावं हा तिचा उघड हेतू. ब्रिटनची चेव्हनिंग घेतली तर अभ्यास संपल्यावर निदान दोन वर्षं आपल्या देशात परत राहावं लागतं. ऑक्सफर्डला शिकण्यासाठी मिळणाऱ्या ऱ्होड्सचे पैसे ठेवून गेलेल्या गृहस्थांनी मृत्युपत्रातच बजावलं होतं की नुसते पुस्तकी किडे निवडू नका. (त्याच मृत्युपत्रात बायकांना जागा नव्हती. ती मिळायला १९७७ साल उजाडलं. देणाऱ्याच्या शहाणपणालाही मर्यादा असतात.) तेव्हा अर्ज लिहिताना ‘मी किती लायक’ हे पानभर सांगण्याआधी ‘हे पैसे माझ्या हाती दिलेत तर मी कशाला लागेन’ हे सांगता यायला हवं. बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते इथेच.

एका मुलीचा अर्ज अजून लख्ख आठवतो. सुरुवात ‘लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ आहे’ अशी. पुढे बक्षिसांची जंत्री. मग त्या विद्यापीठाच्या जागतिक कीर्तीचं गुणगान, जणू त्यांना ते प्रथमच कळत होतं. आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून टाकल्यासारखी एक ओळ : ‘प्रयोगशाळेतील उपकरणांच्या देखभालीतही सहभाग.’ मी सहज विचारलं, म्हणजे नेमकं काय केलंस ग? तर तासभर बोलत राहिली. विभागातल्या जुन्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, सकाळचं रीडिंग एक यायचं आणि दुपारचं दुसरं. बाकीची मुलं जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा रीडिंग घ्यायची आणि जुळलं की वहीत उतरवायची. हिने नमुना न घालता नुसता ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायचं कोरं द्रावण, ठेवून दिवसभर ठरावीक वेळाने आकडे घेतले, आलेख काढला, आणि तिच्या लक्षात आलं की दिवा तापेपर्यंत पहिला अर्धा तास आकडा सरकत राहतो, मग स्थिरावतो. यंत्रावर चिठ्ठी चिकटवली : ‘सुरू केल्यावर अर्धा तास थांबा.’ तेवढ्यावर थांबली नाही. वरच्या वर्गातल्या एकाचे सकाळी घेतलेले आकडे तिने पुन्हा तपासले, तर त्याचा निष्कर्षच डळमळला. तो पुढे महिनाभर तिच्याशी बोलत नव्हता.

हे सगळं तिने एका ओळीत गाडून टाकलं होतं, कारण त्याचं प्रमाणपत्र नव्हतं. आम्ही लहानपणीची ओढ काढून टाकली, विद्यापीठाची आरती काढून टाकली आणि अर्ज त्या दिव्यापासून सुरू केला. मोजमापातल्या चुका हाच पुढे तिचा विषय झाला.

शिफारसपत्रांचंही तेच. ‘अत्यंत हुशार, कष्टाळू व नम्र’ हे तिन्ही शब्द मी स्वतःच्या पत्रांतून हद्दपार केलेत. समितीत असताना ते इतके वाचलेत की डोळा त्यांच्यावरून घसरून पुढे जातो. चिठ्ठीची गोष्ट मात्र तिथे कुणीही थांबून वाचेल.

आता नकाराबद्दल, कारण त्याबद्दल कुणी विचारत नाही आणि तो मात्र पुष्कळांच्या वाट्याला येतो. अणूचं केंद्रक शोधणारे अर्नेस्ट रदरफर्ड न्यूझीलंडमधून ज्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, ती आधी त्यांना मिळालेलीच नव्हती. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या भव्य प्रदर्शनातून जो नफा उरला, त्यातून ही शिष्यवृत्ती दिली जायची. निवड झाली ती जेम्स मॅक्लॉरिन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची. त्यांनी ती घेतली नाही, म्हणून दुसऱ्या क्रमांकावरच्या रदरफर्डना मिळाली. १८९५ची ही गोष्ट. केंब्रिजने बाहेरच्या विद्यापीठांतल्या पदवीधरांना संशोधनासाठी घ्यायला सुरुवात केली तीही त्याच वर्षी. म्हणजे प्रतीक्षायादीतलं नशीब आणि नियमातला बदल, दोन्ही जुळून आलं. यातून हुशारीला किंमत नाही असं कुणी म्हणणार नाही. पण नाव पहिल्या यादीत नसलं म्हणजे मुलात काही कमी आहे, असं घरात बोलू नये. समितीतल्या आम्हा लोकांना शेवटच्या चारपाच अर्जांत फरक करताना काय घाम फुटतो ते मी पाहिलंय.

रदरफर्डच्याच बाबतीतली आणखी एक गोष्ट मला मुलांना सांगायला आवडते. रेडिओलहरी ओळखणाऱ्या यंत्राचं काम घेऊन ते गेले होते. त्याच हिवाळ्यात क्ष-किरणांचा शोध जाहीर झाला, तिथले प्राध्यापक जे. जे. थॉमसन यांनी त्यांना आपल्यासोबत त्या कामाला घेतलं, आणि रेडिओ मागे पडला. अर्जात मांडलेला बेत तडीस नेलाच पाहिजे असं मुलांना वाटतं. बेत असावाच लागतो, बेताशिवाय कुणी दारात उभं करत नाही. पण तिथे गेल्यावर त्याहून चांगलं काम समोर आलं तर तो सोडता यावा.

इंटर्नशिपबद्दलच्या अपेक्षा तर भलत्याच चढलेल्या असतात. ‘शोधनिबंधात नाव येईल ना?’ हा पहिला प्रश्न. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक बारा आठवड्यांची असते. जर्मनीच्या राइझ कार्यक्रमात पदवीचे विद्यार्थी पीएचडी करणाऱ्यांच्या हाताखाली काम करतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात येणाऱ्या विद्यार्थ्यांना व्याख्यानंही असतात आणि एखाद्या गटाबरोबर प्रत्यक्ष कामही. बारा आठवडे ऐकायला भरपूर वाटतात. पहिले दोन प्रवेशपत्र, सुरक्षेचं प्रशिक्षण, संगणकाचं खातं आणि कॉफीचं यंत्र कुठे आहे हे कळण्यात जातात. शेवटचे दोन अहवाल आणि सादरीकरणात. मधल्या आठांपैकी निदान दोन, आपण लिहिलेला प्रोग्रॅम का चालत नाहीये हे शोधण्यात. उरलेल्यात शोध लागेल अशी आशा धरणाऱ्याला मी थांबवत नाही, पण तसं वचनही देत नाही.

एकाचा अशाच इंटर्नशिपवरून फोन आला, आवाज अगदी पडलेला. ‘मॅडम, मला नुसतं डेटा साफ करायला बसवलंय.’ मी त्याला खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल यांच्याबद्दल सांगितलं. केंब्रिजमध्ये संशोधन करताना त्यांची पहिली दोनेक वर्षं रेडिओ दुर्बीण उभारण्यात, म्हणजे अक्षरशः खांब ठोकण्यात आणि तारा ओढण्यात गेली. मग दुर्बिणीतून रोज जवळपास तीस मीटर कागद आलेखांनी भरून बाहेर पडायचा, तो हाताने, डोळ्याने तपासायचा. त्यात एका ठिकाणी जराशी खरड दिसली, ती ना आकाशातल्या नेहमीच्या रेडिओस्रोतांसारखी, ना माणसाने केलेल्या गोंगाटासारखी. १९६७ साली पल्सर, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओलहरी धाडणारे तारे, सापडले ते असे. इथे आपली लायकी नाही, कधीतरी हाकलून देतील, अशी धास्ती तेव्हा वाटायची, म्हणून हाकलण्याआधी जास्तीत जास्त काळजीपूर्वक काम करायचं ठरवलं, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलंय. माझा विद्यार्थी एवढं ऐकून म्हणाला, ‘म्हणजे डेटा साफच करायचा ना?’ हो बाळा, साफच करायचा. पण कुठला आकडा टाकून दिलास आणि का, ते वहीत लिहून ठेव. निघायच्या आठवड्यात त्याच्या गाइडने बाकी काही नाही, ती वही मागून घेतली.

परदेशातल्या वर्गाबद्दल मुलं परतल्यावर जे सांगतात त्यात एक गोष्ट हमखास असते. गटाच्या बैठकीत प्रमुख अचानक विचारतात, ‘तुला काय वाटतं?’ आपली मुलं गप्प. येत नसतं म्हणून नव्हे, आपलं मत इतक्या मोठ्या माणसासमोर मांडणं हा आगाऊपणा वाटतो म्हणून. तिकडे गप्प बसलेल्याचा अर्थ ‘तयारी करून आला नाही’ असा होतो. पहिल्या महिन्यात एक साधा नियम पाळायला सांगते : प्रत्येक बैठकीत निदान एक प्रश्न विचारायचा, मग तो बावळट वाटला तरी चालेल. पुष्कळदा तो प्रश्न खोलीतल्या निम्म्यांच्या मनात असतो.

पैशाचंही सांगायला हवं, कारण ‘पूर्ण शिष्यवृत्ती’ या शब्दांवर लोक फार विसंबतात. विद्यावेतन बहुधा तिथे पोचून, बँकेत खातं उघडल्यावर जमा व्हायला लागतं. खोलीची अनामत, व्हिशाची फी, पहिले काही आठवडे जेवणखाण हे त्याच्या आधी. विमान तिकिटाचे पैसे काही ठिकाणी आधी मिळतात, काही ठिकाणी पावती दाखवल्यावर. पत्र हातात पडलं की पेढे नंतर वाटा, आधी कुठला पैसा कुठल्या तारखेला येणार हे कार्यालयाला लेखी विचारा. विचारण्यात लाज कसली?

राहता राहिलं यश. मुलगी अमुक ठिकाणी गेली की फोटो छापून येतो आणि यश तिथेच संपल्यासारखं होतं. वंगारी मथाई १९६० साली केनियाहून शेकडो विद्यार्थ्यांबरोबर शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेल्या, जीवशास्त्र शिकल्या, परतल्या. झाडं लावणाऱ्या बायकांची त्यांची चळवळ उभी राहिली ती १९७७ साली. त्यांना पाठवताना सतरा वर्षांनी काय उगवणार हे कुठल्या समितीला दिसलं असतं? मेरी क्युरींचं तर मला फारच कौतुक वाटतं. पॅरिसमध्ये शिकताना १८९३ साली त्यांना सहाशे रुबलची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून गणिताची पदवी पुरी करता आली. परतफेडीची अट नव्हती. तरी पहिली कमाई हाती आल्यावर त्यांनी ती रक्कम परत केली, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडावी म्हणून. बेल बर्नेल यांना २०१८ साली तीस लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं. ते सगळंच्या सगळं त्यांनी, ज्यांना भौतिकशास्त्रात सहजी जागा मिळत नाही अशा संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकलं. उचल अशीही फिटते.

आता तुमच्या मुलीचं. टक्के आहेत, उत्तम. तिला एवढंच विचारा की गेल्या वर्षभरात कुणी न सांगता, मार्क मिळणार नाहीत हे ठाऊक असून, ती कशात रमली होती. ते कागदावर उतरवायला घ्या. बहुतेक मोठ्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज, परदेशी जायच्या जवळजवळ वर्षभर आधी बंद होतात, तेव्हा पुढच्या वर्षाचं आत्ताच बघावं लागेल. आणि शिफारसपत्रासाठी कृपा करून शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री निरोप पाठवू नका. त्या रात्री माझ्याकडे आधीच तिघंचौघं रांगेत असतात.