अल्कीनमध्ये सगळा खेळ त्या दुसऱ्या बंधाचा आहे

अल्कीनचा, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनचा, चॅप्टर आला की बरेच जण थेट रिअ‍ॅक्शन्स पाठ करायला बसतात. मीही तसंच करायचो आणि परीक्षा झाली की सगळं विसरायचो. नंतर एकदा बंधांच्या एनर्जीचे आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि डोक्यात प्रकाश पडला.

कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे साधारण ३४८ किलोज्यूल लागतात. मग दुहेरीला ६९६ लागायला हवेत ना? लागतात ६१४ च्या आसपास. म्हणजे दुसरा बंध, तो पाय बंध, पहिल्यापेक्षा बराच कच्चा आहे, कारण सिग्मामध्ये, म्हणजे पहिल्या बंधात, ऑर्बिटल्स (अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या जागा) समोरासमोर भिडतात आणि पायमध्ये दोन पी ऑर्बिटल्स नुसती बाजूबाजूने एकमेकांना चिकटतात, त्यामुळे ते इलेक्ट्रॉन रेणूच्या वर आणि खाली उघड्यावर राहतात.

आता मातीचे दोन गोळे घ्या, मध्ये एक टूथपिक खोचा, गोळा आरामात फिरतो. दोन टूथपिक खोचा, अडकला! फिरवायचाच असेल तर एक मोडावी लागते. सिस-ट्रान्स, म्हणजे सारखे गट दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला (सिस) की विरुद्ध बाजूंना (ट्रान्स), हे एवढ्यावरच उभं आहे. फक्त दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनवर प्रत्येकी दोन वेगवेगळे गट हवेत, म्हणून प्रोपीनला सिस-ट्रान्स नाही आणि २-ब्युटीनला आहे. सिस २-ब्युटीन ३.७ अंशाला उकळतं, ट्रान्स ०.९ ला, कारण सिसमध्ये थोडी पोलॅरिटी उरते. पण वितळताना उलटं, ट्रान्स उणे १०५ च्या आसपास आणि सिस पार उणे १३९, कारण वाकडे रेणू स्फटिकात नीट बसत नाहीत. मला हे फार आवडतं, अणू तेच, फक्त कोण कुठल्या बाजूला एवढाच फरक.

रिअ‍ॅक्शन्सही त्याच कच्च्या बंधाच्या. प्रोपीनवर एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) आला की आधी एचप्लस जोडला जातो, तोही कडेच्या कार्बनला, कारण मग प्लस चार्ज मधल्या कार्बनवर येतो आणि तिथे तो जास्त स्थिर असतो. म्हणून मुख्यतः २-ब्रोमोप्रोपेन. रशियन रसायनशास्त्रज्ञ मार्कोव्हनिकोव्हने हा नियम १८७० च्या सुमारास मांडला, इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा, म्हणजे नुसत्या प्रॉडक्ट्सकडे बघून त्याने हे ओळखलं होतं! पेरॉक्साइड टाकलं की रस्ता फ्री रॅडिकलचा (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या कणांचा) होतो आणि १-ब्रोमोप्रोपेन मिळतं, पण हे फक्त एचबीआरला, एचसीएल किंवा एचआयला लावू नका, मार्क जातात.

आणि दुहेरी बंध ओळखायची ब्रोमीनची टेस्ट, तो लालसर तपकिरी रंग हलवता हलवता गायब होतो ते एकदा तरी स्वतः बघा. ब्रोमीन आधी दोन्ही कार्बनवर एका बाजूने पूल बांधतो, मग दुसऱ्या ब्रोमाइडला मागूनच यावं लागतं. त्यामुळे ट्रान्स २-ब्युटीनपासून मेसो प्रॉडक्ट (ज्याची आरशातली प्रतिमा त्याच्यासारखीच असते) आणि सिसपासून रेसिमिक मिश्रण (आरशातल्या प्रतिमांसारखे दोन रेणू निम्मे-निम्मे), दुहेरी बंध गेला तरी त्याचा आकार प्रॉडक्टमध्ये दिसत राहतो.