आमची वाटचाल: पाटीवर नाव नसलेली बाग

1998 साली तात्या आणि मी मिळून धंदा सुरू केला तेव्हा आमच्याकडे दोन फावडी, एक पहार, चार घमेली आणि तात्यांची नळी होती. नळी म्हणजे पाण्याची लेव्हल ट्यूब, दोन जागांची उंची ताडून बघायची, तीस फुटी, पारदर्शक. सोसायट्यांच्या बागा, शाळांची आवारं, बंगल्यांची लॉनं करत एकोणीस वर्षं गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पोट भरलं.

2017 च्या अखेरीस खाडीकाठच्या एका सार्वजनिक उद्यानाचं बागकामाचं पॅकेज आम्हाला लागलं. जागा घोडबंदरच्या बाजूची, एवढंच लिहितो. शेवटचं बिल अजून यायचंय. नकाशावर तिथे उल्हास नदी लिहिलेलं असतं. ठाणेकर खाडी म्हणतो, आणि झाडांचं मत ठाणेकरांसारखंच आहे. भिंत, पेव्हर, गटारं हे सिव्हिलचं पॅकेज दुसऱ्या एका मोठ्या फर्मला गेलं होतं. तिचं नाव घेणार नाही. धंद्यातल्यांना कळेल.

जमीन म्हणजे सगळा भराव. वर डेब्रिज, खाली खाडीचा काळा चिखल. पहिल्या नमुन्याचा ईसी, म्हणजे मातीतल्या मिठाचं माप, 11 आला; 4 च्या वर गेला की माती खारी धरतात. उन्हाळ्यात खालचं खारं पाणी मातीतून वर चढतं, पाणी उडून जातं, मीठ मुळांशी राहतं. यावर उपाय एकच, मध्ये खडीचा थर टाकून ती चढण तोडायची. बीओक्यूत, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या आणि मापांच्या यादीत, खडी नव्हती. माती दीड फूट धरली होती, तीही झाडांसाठी! आम्ही प्रत्येक खड्ड्यात फूटभर चाळीस एमएम खडी घातली, वर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), त्यावर तीन फूट तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत. खडीचे पैसे पदरचे. आराखड्यात गुलमोहर होता. भांडून भांडून पाण्याच्या बाजूला भेंड, उंडी आणि करंज मंजूर करून घेतले.

मग 2018 च्या सप्टेंबरात उच्च न्यायालयाचा निकाल आला, तिवरांपासून पन्नास मीटरमध्ये बांधकाम नको. निकाल योग्यच होता, पण आमचा आराखडा तिसऱ्यांदा बदलला. पाण्यावर जाणारी पायवाट गेली, भिंत मागे आली, खणलेले चाळीस खड्डे बुजवले. बुजवण्याचा आयटम बीओक्यूत कुठून असणार?

आता नळीची गोष्ट. भिंत मागे आल्यावर पेव्हरचा उतार पुन्हा काढला गेला. एका सकाळी तात्या लॉनच्या कडेला उकिडवे बसले आणि म्हणाले, "हे पाणी आपल्याकडे येणार." साइट इंजिनिअर हसला. त्याच्याकडे ऑटो लेव्हल होती, उंची मोजायची दुर्बीण, तिपाईवर, झाकणासकट. तात्यांनी नळी भरली, आतला बुडबुडा बोटाने टिचक्या मारून बाहेर काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन भिंतीपर्यंत गेले. दोन्हीकडे खडूने खूण केली. भिंतीकडची बाजू दोन इंचांनी वर होती. म्हणजे सगळं पावसाचं पाणी खाडीकडे न जाता आमच्या लॉनवर. इंजिनिअरने आपला रीडिंग पुन्हा घेतला, मग काही न बोलता फोन लावला. चार दिवसांनी उत्तर आलं, काम झालंय, आता उखडणार नाही.

दुसरी गोष्ट आम्ही लेखी कळवली होती. गटारांचे पाइप खाडीत उघडत होते त्यांना झडपा नव्हत्या. झडप नसली तर भरतीला खाडीचं पाणी त्याच पाइपातून उलटं बागेत येतं. पत्राची पोच आहे माझ्याकडे, शिक्क्यासह.

27 जुलै 2019. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली तीच सकाळ. वर बदलापूरकडे उल्हास फुगली होती, ते सगळं पाणी आमच्या दारावरून जाणार. भिंतीवरून पाणी आलंच नाही, आधी गटारांतून आलं, जाळ्या उचलून. अमावस्या चार-पाच दिवसांवर होती, मोठं उधाण नव्हतं, हे नशीब. दुपारी ओहोटी लागली तेव्हा बावीस हजार चौरस फूट लॉनवर बोटभर गाळ, वर थर्माकोल आणि पिशव्या. लोक म्हणाले खाऱ्या पाण्याने लॉन गेलं. नाही. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडसर असतं. मीठ मारतं ते मार्च-एप्रिलमध्ये. आमचं लॉन गाळाखाली गुदमरून गेलं.

देखभालीचा कालावधी तीन वर्षांचा, म्हणून लॉन आमच्या खर्चाने पुन्हा लावा असं पत्र आलं. आमचं झडपांचं पत्र दाखवलं तर उत्तर मिळालं, तो दुसऱ्या पॅकेजचा विषय आहे. दोन आरए बिलं, म्हणजे झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याची बिलं, अडकली. टेंपो विकला, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मजुरांना तोंड दाखवायला नको म्हणून मी मागच्या गेटने साइटवर जायचो, आणि तात्या पुढच्या गेटवर उभे राहून सगळ्यांची बोलणी खायचे.

ऑक्टोबरात वर्तकनगरच्या आमच्या जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंनी बोलावलं. निवृत्त शिक्षिका, 2001 पासूनचं गिऱ्हाईक. शेणखत मुठीत घेऊन वास घेतल्याशिवाय पोतं आत येऊ द्यायच्या नाहीत. मला वाटलं, काम काढून घेणार. त्यांनी पुढच्या वर्षाच्या देखभालीचा पूर्ण चेक पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "कमिटीला मी सांगेन. तुम्ही आधी माळ्यांचे पगार करा. आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडलाय, तो बघा." त्या चेकवर दिवाळी गेली. लॉन आम्ही पुन्हा लावलं, पण भिंतीला समांतर एक खडीची चर आधी काढून.

आता न विचारता सांगतो. टेंडर भरण्याआधी साइटवर अमावस्येला आणि पौर्णिमेला, भर भरतीच्या वेळी उभं राहा. भराव एक पावसाळा बसल्याशिवाय त्यावर पेव्हर लावू नका. नर्सरीत झाड बघाल तेव्हा शेंडा नको, पिशवीचं बूड बघा, मुळं गोल फिरलेली असली तर फुकटसुद्धा घेऊ नका. आणि तोंडी सांगितलेलं काम करू नका, साहेब कितीही चांगले असोत.

दुसरा टप्पा 2021 मध्ये निघाला. आम्ही अंदाजपत्रकाच्या चार टक्के खाली भरलं. तीच मोठी फर्म, आता बागकामातही उतरलेली, अठ्ठावीस टक्के खाली! अठ्ठावीस टक्के खाली म्हणजे खडी नाही, माती फूटभर, आणि गुलमोहर. पहिल्या एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या, दुसऱ्या एप्रिलमध्ये निम्मे गुलमोहर गेले. आमचे भेंड तोवर फुलायला लागले होते, सकाळी पिवळे, मावळतीला लालसर. फोटो काढायला लोक तिथेच येतात. गेटवर ग्रॅनाइटची पाटी बसली, तिच्यावर पूर्ण उद्यानाचे ठेकेदार म्हणून एकच नाव आहे.

तात्या गुडघ्यामुळे आता ओतूरला गावी असतात. नळी माझ्या गाडीच्या डिकीत. गेल्या वर्षी पाइपांना झडपा बसल्या, पहिल्या अमावस्येला मी भरतीच्या वेळेला जाऊन उभा राहिलो. तात्यांचा फोन आलाच.

"पाणी कुठवर?"

"तिसऱ्या पायरीपर्यंत. गटार कोरडंय."

"आणि पाटी?"

"तीच आहे."

तात्यांनी दोन शिव्या हासडल्या आणि उंडीला फळं धरलीत का ते विचारलं.