दादाने दोरा सोडला आणि मुखत्यारपत्र परत आलं

मी एका देशात, फ्लॅट दुसऱ्या देशात आणि तो विकायची जबाबदारी दादाच्या गळ्यात. त्याला माझ्या वतीने सह्या करता याव्यात म्हणून मुखत्यारपत्र करून पाठवायचं होतं. तिकडच्या वकिलांनी मसुदा मेलवर धाडला, शेवटी एक ओळ लिहून : ‘नोटरी करून पाठवा.’ मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

मी राहते तिथे सरकारी नोटरी आहेत, तसेच खासगीही. सरकारी म्हणजे पगारी, कार्यालयात बसणारे. खासगी नोटरीला परवाना सरकारच देतं, पण तो स्वतःचं ऑफिस चालवतो आणि फीवर पोट भरतो. माझी पक्की समजूत की सरकारी शिक्का जास्त वजनदार. म्हणून गेले तिकडेच, आणि वेळ वाचावा म्हणून सही घरूनच ठोकून गेले.

टोकन घेऊन बसले. नंबर लागला. खिडकीतल्या बाईंनी शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, “ही सही कधी केलीत?” मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, काल रात्री. त्यांनी कागद परत सरकवला. नोटरीचं कामच मुळी समोर बसलेला माणूस ओळखायचं आणि त्याची सही होताना बघायचं. काल रात्रीची सही त्यांनी पाहिलेलीच नाही, तर शिक्का कशावर मारणार?

दुसरी अडचण त्याहून मोठी. मसुदा त्यांना न कळणाऱ्या भाषेत होता. आमच्याच छापील नमुन्यावर करा, म्हणाल्या. त्या नमुन्यात ‘मालमत्तेसंबंधी सर्व व्यवहार’ एवढं मोघम वाक्य, आणि वकिलांना तर फ्लॅटचा क्रमांक, क्षेत्रफळ, मोबदला स्वीकारण्याचा अधिकार, सगळं नावानिशी हवं होतं. बाई काही उद्धट नव्हत्या. रांगेत पस्तीस माणसं असताना माझा मसुदा घेऊन त्या तरी किती वेळ बसणार?

मग खासगी नोटरीकडे गेले. जाण्याआधी चौकशी केली आणि माझी समजूत मोडीत निघाली : इथे दोघांच्या शिक्क्याला कायद्यापुढे सारखंच वजन. फरक पगाराचा, रांगेचा आणि फीचा. खासगी नोटरीची फी अर्थातच जास्त, कारण मसुदा तपासणं, दुभाषा बोलावणं, दोन भाषांत मजकूर समोरासमोर मांडणं हे सगळं त्यात आलं.

‘सरकारी’, ‘खासगी’, ‘पब्लिक’ या शब्दांनी फसलेली मी एकटी नाही. रशियात १९९३च्या कायद्याने सरकारी आणि खासगी नोटरी शेजारी शेजारी आले. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ अखेरपर्यंत पगारी सरकारी नोटरी होते. फ्रान्सचा नोटरी स्वतःचं ऑफिस चालवतो, तरी तो सार्वजनिक अधिकारीच. आणि अमेरिकेतला ‘नोटरी पब्लिक’ नावाने पब्लिक असला तरी मुख्यतः ओळख आणि सही तपासतो, कायदेशीर सल्ला देत नाही. लॅटिन अमेरिकेत मात्र ‘नोतारियो पुब्लिको’ म्हणजे कायद्याचा मोठा जाणकार, त्यामुळे तिथून अमेरिकेत आलेले कितीतरी लोक या नावावर विश्वास ठेवून फसले.

तर, खासगी नोटरी. त्यांनी आधी पासपोर्टवरचं नाव आणि मसुद्यातलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहिलं. मसुद्यात माझं लग्नाआधीचं आडनाव होतं, ते तिथेच दुरुस्त झालं. रिकाम्या जागांवर रेघा मारल्या. मग नवऱ्याला नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर मला विचारलं, “हे स्वतःच्या मर्जीने करताय ना? भाऊ तुमच्या नावावरचे पैसे घेऊ शकेल, हे कळलंय ना?” दुभाष्याने मराठीत सांगितलं तेव्हा तो अधिकार किती मोठा आहे ते मला खरंच पहिल्यांदा जाणवलं. दादावर विश्वास आहेच, पण मी तिथेच एक वर्षाची मुदत घालून घेतली.

सही झाली. रजिस्टरात नोंद झाली, एक प्रत त्यांच्याकडे राहिली. माझी पानं त्यांनी भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवली, मागे गाठ मारली, गाठीवर कागदाची चकती डकवली आणि तीवर शिक्का असा मारला की अर्धा चकतीवर, अर्धा पानावर. मी घाईघाईने कुरिअर केलं.

आठवड्याने दादाचा फोन. “अगं, नोंदणी कार्यालयात म्हणतात, यावर अपोस्टिल नाही.”

नोटरीचा शिक्का त्याच्या देशात चालतो, दुसऱ्या देशातल्या कारकुनाला तो शिक्का खरा की खोटा हे कसं कळणार? म्हणून १९६१च्या हेग करारातलं हे प्रमाणपत्र लागतं. चौकोनी, बाजू किमान ९ सेंटिमीटर, आत १० क्रमांकित रकाने. सही कोणाची, कोणत्या हुद्द्याने केली, शिक्का कोणाचा, एवढंच ते सांगतं. आतला मजकूर खरा की खोटा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोन्ही देश करारात असतील तरच ते चालतं, नाहीतर वकिलातीच्या फेऱ्या. आपले दोन्ही होते, नशीब. नोटरीने हे आपणहून सांगायला हवं होतं का? माझ्या मते हो. पण कागद जिथे द्यायचा तिथे आधी विचारायचं मलाही सुचलं नाही.

“बरं, तोच कागद परत पाठव, मी अपोस्टिल करून घेते,” म्हटलं.

दादा गप्प. मग म्हणाला, “झेरॉक्स नीट येईना म्हणून मी तो दोरा सोडला गं. परत बांधलाय तसाच.”

तसाच! सुटलेल्या गाठीचा कागद म्हणजे पानं बदलल्याचा संशय, ते कोणी हातात धरलं नसतं. त्या रजिस्टराने वाचवलं. नोटरीने त्यांच्याकडच्या प्रतीवरून दुसरी प्रत काढून दिली. मसुदा, दुभाषा, कशाचीच पुन्हा गरज पडली नाही. अपोस्टिल दोन दिवसांत लागलं.

या वेळी पाकिटावर लाल पेनाने लिहिलं, ‘दादा, दोऱ्याला हात लावू नकोस.’ त्याने पोच म्हणून झेरॉक्सचा फोटो पाठवला. डाव्या कडेला पान दुमडल्याची काळी सावली, एका ओळीची पहिली दोन अक्षरं गिळलेली, आणि खाली त्याचा मेसेज : ‘चालेल ना?’