पाण्यात फोन येत नाही

सकाळी सहाची बॅच, दादरचा महात्मा गांधी तलाव, आणि मी काठावर उभा राहून रोज हाच विचार करतो की झोप सोडून इथे का आलो यार. गॉगल तीनदा पुसतो, टोपी ओढतो, शेजारचे काका तोवर दोन लॅप मारून परत पण येतात. मग एकदाची उडी. पहिले दहा सेकंद नुसतं थंडगार, आणि मग एकदम सगळा आवाज बंद!

लोक म्हणतात व्यायाम, वजन वगैरे, असेलही, पण मला खरं कारण वेगळंच वाटतं. मानेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं जेमतेम १० टक्के वजन उरतं, म्हणून तर गुडघे धरून जिना उतरणाऱ्या मावशी पाण्यात मस्त चालत गप्पा मारतात, आणि थंड पाण्यात तोंड बुडवून श्वास धरला की हृदयाचे ठोकेच मंदावतात, हे आपल्या शरीरात आधीपासूनच फिट केलेलंय. मिहिर सेन १९५८ ला इंग्लिश खाडी पोहून गेले, मला २५ मीटरमध्येच धाप लागते (सिगारेट सोडून दोन वर्षं झाली तरी). पण साडेआठच्या लोकलमध्ये चेंगरलेलं असताना कानातलं अडकलेलं पाणी गरम होऊन टपकन बाहेर येतं ना, तेव्हा उगाच हसू येतं.